‘सगळं देवाच्या मनात असेल तसंच होतं, तर मला का रागावता?’ : मुलांना धर्म आणि निवड शिकवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दहा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी आहे. आजी दोघांना पुराणातल्या गोष्टी सांगते आणि बहुतेक गोष्टींच्या शेवटी ‘देवाच्या मनात असेल तेच होतं’ किंवा ‘ज्याचं त्याचं प्रारब्ध’ असे म्हणते. मुलगी खोटे बोलताना सापडली, तुम्ही रागावलात, तेव्हा तिने विचारले, ‘सगळं देवाच्या मनात असेल तसंच होतं, तर मी खोटं बोलले तेही त्याच्याच मनात होतं, मग मला का रागावता?’ तुम्हाला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. आता मुलांना समजेल अशी धर्माची सोपी व्याख्या तुम्हाला हवी आहे, कोणत्या वयात काय सांगावे हे जाणून घ्यायचे आहे, आणि हे सारे आजीला न दुखवता करायचे आहे.

मी बरीच वर्षे लहान मुलांना उपनिषदांतल्या आणि महाभारतातल्या कथा, तर मोठ्या मुलांना गीता शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून व्याख्येची मागणी मी आधी बाजूला ठेवतो. मूल व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी भाषा बोलू लागते. धर्माचेही तसेच आहे. व्याख्या लवकर हाती दिली की मूल ती पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि वागताना तिचा काही उपयोग करत नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे, असे मला वाटते. केलेल्या कृत्याची जबाबदारी आपली आहे हे मुलीला पटले पाहिजे, आणि ते पटवताना ईश्वर, कर्म, प्रारब्ध हे घरात रोज उच्चारले जाणारे शब्द खोटे ठरता कामा नयेत. ही अडचण नवी नाही. परंपरेने ती स्वतःच, तुमच्या मुलीपेक्षाही कठोर शब्दांत, उभी केलेली आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे सांगायला हवे. घरात कोणत्या संप्रदायाची उपासना चालते यावर अंतिम उत्तराची भाषा बदलते. अद्वैतात कर्तेपणच शेवटी उपाधीमुळे, म्हणजे शरीर-मनाच्या आवरणामुळे, आलेले मानले जाते. रामानुजांच्या मते अंतर्यामी ईश्वर जीवाचा पहिला प्रयत्न पाहून पुढच्या प्रवृत्तीला अनुमती देतो. मध्वमतात जीवाचे कर्तृत्व खरे, पण ईश्वराधीन. मुलाचा स्वभावही पाहावा लागतो. काही मुले मुळातच स्वतःला फार दोष देणारी असतात आणि त्यांच्याशी जबाबदारीची भाषा जपून वापरावी लागते. काही मुले चटकन सबब शोधतात. घरात अलीकडे मृत्यू किंवा मोठे आजारपण झाले असेल, तर कर्म आणि प्रारब्ध हा विषय काही महिने काढूच नये. यांपैकी तुमच्या घराला काय लागू आहे हे तुम्हीच ठरवू शकता. मी जे सांगतो आहे ते कोणत्याही संप्रदायाच्या घरात चालावे, असा माझा प्रयत्न आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पहिली गोष्ट म्हणजे, हा प्रश्न उद्धटपणाचा आहे असे समजू नका आणि तिलाही तसे भासू देऊ नका. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी हाच प्रश्न युधिष्ठिराला विचारते. वनवास चालू आहे, धर्माने वागणारा नवरा जंगलात आहे आणि अधर्माने वागलेला दुर्योधन राज्य करतो आहे. ती म्हणते की लाकडी बाहुलीचे अवयव कोणीतरी हलवावेत, तसा विधाता या प्राण्यांना हलवतो. आणि केलेले कर्म जर कर्त्यालाच चिकटत असेल, तर या पापाने ईश्वरच लिप्त झाला पाहिजे. तुमच्या मुलीचा मुद्दा नेमका हाच आहे. युधिष्ठिर तिला नास्तिक्याचा दोष देतो, हे खरे. पण तो तिचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेतो, तिच्या बोलण्यातले सौंदर्य मान्य करतो आणि मग उत्तर देतो. मी धर्माचरण करतो ते फळासाठी करत नाही, द्यायला हवे म्हणून देतो, यज्ञ करायला हवा म्हणून करतो, आणि धर्माचा व्यापार करणारा माणूस हीन होय, असे तो सांगतो.

त्यानंतर जे घडते त्याकडे गोष्टी सांगणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. द्रौपदी माघार घेते, आपण दुःखाने बोललो असे म्हणते, आणि मग स्वतःच प्रयत्नाच्या बाजूने एक दीर्घ युक्तिवाद करते. माणसाला जे मिळते त्यात दैव असते, योगायोग असतो, स्वभाव असतो आणि त्याचे स्वतःचे कर्मही असते, असे ती सांगते. शेतकरी नांगराने जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग स्वस्थ बसतो, कारण पुढचे काम पावसाचे आहे; पाऊस आला नाही तर त्याच्याकडे दोष जात नाही, कारण दुसऱ्या माणसाने जे केले असते ते सगळे त्याने केलेले असते. हे सारे आपण कोठे शिकलो तेही ती सांगते. वडिलांनी घरी ठेवलेला एक पंडित भावांना बृहस्पतीची नीती शिकवत असे आणि ती वडिलांच्या मांडीवर बसून ते संभाषण ऐकत असे. दैव आणि प्रयत्न यांवरचे महाभारतातले एक उत्तम विवेचन अशा रीतीने एका स्त्रीच्या बालपणीच्या आठवणीतून आलेले आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगून पाहा. आपण विचारले ते पाप नव्हते आणि त्याला उत्तरही आहे, असे दोन्ही तिला एकदम कळते.

उत्तराचा तात्त्विक गाभा गीतेच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ३३वा श्लोक म्हणतो की ज्ञानी माणूसदेखील आपल्या प्रकृतीनुसारच, म्हणजे स्वभावानुसारच, वागतो. प्राणी प्रकृतीच्या मार्गाने जातात, निग्रह काय करणार? या ठिकाणी शंकराचार्य तुमच्या मुलीची शंका काढतात: प्रत्येक जण जर स्वभावानेच वागत असेल आणि स्वभाव नसलेला कोणीच नसेल, तर पुरुषप्रयत्नाला जागा उरत नाही आणि शास्त्र निरर्थक ठरते. त्यांच्या मते या शंकेचे उत्तर पुढच्याच श्लोकात आहे. प्रत्येक इंद्रियाच्या विषयापाशी आवड आणि नावड ठाण मांडून बसलेली असतात. त्यांच्या ताब्यात जाऊ नये. स्वभाव माणसाला ओढतो तो आवडीनावडीच्या दोरीनेच, आणि त्या दोरीपाशीच माणसाचे स्वातंत्र्य सुरू होते. राग येणे ही निवड नसते. रागाच्या भरात काय बोलायचे, यात मात्र निवडीला वाव असतो, आणि तो वाव सरावाने वाढतो. मुलांशी बोलताना मी एवढेच सांगतो. तुमच्या मुलीला विचारा की खोटे बोलण्याच्या आधी, अगदी क्षणभर का होईना, ‘बोलू की नको’ असे मनात आले होते का. जवळजवळ प्रत्येक मूल प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणते. त्या क्षणाची ओळख पटणे हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचे वाटते.

ती हुशार असेल तर ती पुढे विचारेल की मग देव करतो काय. वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.३.४१-४२) हा प्रश्न सरळ आला आहे. जीवाचे कर्तृत्व ईश्वरावर अवलंबून आहे, असे एक सूत्र म्हणते. पण ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याला प्रवृत्त करतो, नाहीतर ‘हे करा’ आणि ‘हे करू नका’ या वचनांना अर्थच उरणार नाही, असे लगेच पुढचे सूत्र म्हणते. शंकराचार्य येथे पावसाचे उदाहरण देतात. पाऊस सगळ्या बियांना सारखाच मिळतो, पण भात उगवायचा की जव, हे बी ठरवते. (द्रौपदीच्या युक्तिवादातही पाऊस आहे आणि इथेही आहे, पण तिथे तो फळाचे कारण म्हणून येतो, इथे सर्वांचे समान कारण म्हणून. मोठ्या मुलांना हा फरक शोधायला सांगितला की ती रमतात.) देवाने बोलण्याची शक्ती दिली, त्या शक्तीने काय बोलायचे ते बी तुझे, असे मी म्हणतो.

आजीच्या वाक्याबद्दल माझे मत असे आहे की ते खोडून काढण्याची गरज नाही, त्याची जागा मात्र ठरवायला हवी. ‘देवाच्या मनात असेल तसं होतं’ हे वाक्य फळाविषयी आहे आणि ते प्रयत्न संपल्यावर उच्चारायचे आहे. गीतेच्या प्रसिद्ध श्लोकात अधिकार कर्मावर सांगितला आहे, फळावर नाही. आणि १८व्या अध्यायात कार्यसिद्धीची पाच कारणे मोजताना दैवाला पाचवे स्थान दिले आहे. आधार, कर्ता, साधने आणि निरनिराळ्या हालचाली हे चार आधी येतात. याज्ञवल्क्य स्मृतीत एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषप्रयत्नाशिवाय दैव फळत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून घरात एक साधी रीत पाळता येते. काम करण्यापूर्वी कोणीही दैवाचे नाव काढायचे नाही. काम मनापासून झाल्यावर आणि निकाल हाती आल्यावर आजीचे वाक्य अवश्य म्हणायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते वाक्य आळसाला आधार देते, आणि निकालाच्या दिवशी तेच वाक्य मुलाला सावरते. आजीलाही हा क्रम पटतो, असा माझा बहुतेक घरांतला अनुभव आहे, कारण त्यांनी स्वतः आयुष्यभर असेच केलेले असते: राबून झाल्यावर देवावर हवाला.

कथा कशा सांगाव्यात, यावर मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण माझ्या मते शिकवणे तिथेच घडते किंवा बिघडते. आपण गोष्ट सलग सांगून शेवटी तात्पर्य देतो. त्यात पात्राने निर्णय घेतला तो क्षण निसटून जातो आणि मुलाला वाटते की युधिष्ठिर चांगला होता म्हणून चांगले वागला. मी गोष्ट निर्णयाच्या आधी थांबवतो. यक्ष म्हणतो, मरून पडलेल्या चार भावांपैकी एकाला जिवंत करतो, कोणाला करू? इथे थांबायचे. मुले भीम किंवा अर्जुन सांगतात आणि कारणेही चांगली देतात: युद्ध जिंकायचे आहे, राज्य मिळवायचे आहे. त्या कारणांची चेष्टा करायची नाही. मग सांगायचे की युधिष्ठिराने नकुलाला निवडले. कुंतीचा एक मुलगा म्हणजे तो स्वतः जिवंत आहे, तेव्हा माद्रीचाही एक जिवंत राहावा. त्यानंतरच्या शांततेत दहा वर्षांचा मुलगाही समजतो की दोन चांगल्या कारणांतून निवड करावी लागते आणि आपल्या सोयीचे कारण दरवेळी पुढे धावत येते.

लहान मुलासाठी बृहदारण्यक उपनिषदातली ‘द’ची गोष्ट फार चांगली आहे. देव, मनुष्य आणि असुर या तिघांनाही प्रजापती एकच अक्षर सांगतो. देव त्याचा अर्थ घेतात ‘स्वतःला आवरा’ (दम), माणसे घेतात ‘द्या’ (दान), असुर घेतात ‘दया करा’, आणि प्रजापती तिघांनाही बरोबर ठरवतो. ज्याला ज्याची उणीव, त्याला ते ऐकू आले. मुलांना विचारावे, आज तुला कोणते ‘द’ ऐकू आले असते? एकाच घरातल्या दोन मुलांची उत्तरे वेगळी येतात आणि धर्म सर्वांना सारखाच लागू होऊनही प्रत्येकाला वेगळे काम का सांगतो, हे न सांगता कळते. यमाला प्रश्न विचारणाऱ्या नचिकेत्याची गोष्ट त्यापुढची. श्रेय (हिताचे) आणि प्रेय (आवडीचे) दोन्ही माणसासमोर येतात आणि विचारी माणूस त्यांना पारखून वेगळे करतो, हा कठोपनिषदाचा मुद्दा दहाव्या वर्षी पेलतो. मात्र आवडणारी प्रत्येक गोष्ट वाईट, असा त्याचा अर्थ लावू नये. तसे शिकवले की मूल आपल्या आवडी लपवू लागते. श्रेय आणि प्रेय पुष्कळदा एकाच दिशेला असतात. निवड करावी लागते ती दोन्ही वेगळ्या दिशांना ओढू लागतात तेव्हाच.

तेरा वर्षांच्या मुलीला, विशेषतः खोटेपणावरून प्रश्न निघालेला असताना, कर्णपर्वातला कौशिक सांगावा. सदैव सत्यच बोलायचे, असे व्रत त्याने घेतलेले असते. लुटारूंना घाबरून पळणारी माणसे जवळच्या रानात लपतात, लुटारू येऊन विचारतात, आणि कौशिक खरे सांगून टाकतो. माणसे मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. कृष्ण ही गोष्ट सांगतो तो प्रसंग तर आणखी बोलका आहे. जखमी युधिष्ठिर संतापून अर्जुनाला म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्याला दे. असे म्हणणाऱ्याला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते, म्हणून तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला सांगतो की वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध होय. तेव्हा त्याला ‘तू’ म्हण, म्हणजे प्रतिज्ञा पुरी होईल. थोरल्या भावाला अरे-तुरे करणे म्हणजे त्याला मारण्यासारखेच, हे ऐकून मुले हसतात, पण नियम आणि नियमाचा हेतू यांतला फरक त्यांच्या लक्षात राहतो. त्याच प्रकरणात कृष्ण म्हणतो की धारण करतो म्हणून त्याला धर्म म्हणतात, धर्म प्रजेला धारण करतो. व्याख्या द्यायचीच असेल तर ती या प्रसंगानंतर द्या.

या गोष्टीतला धोका उघड आहे. चलाख मूल लगेच म्हणेल, म्हणजे खोटे बोललेले चालते. म्हणून मी त्याच बैठकीत द्रोणपर्वातला प्रसंग जोडून सांगतो. ‘अश्वत्थामा मेला’ असे युधिष्ठिर मोठ्याने म्हणतो आणि हत्तीचे नाव हळू घेतो. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकतो. कृष्णाच्याच सांगण्यावरून, युद्ध जिंकण्यासाठी बोललेले ते अर्धसत्य होते, आणि तरीही व्यासांनी त्याला किंमत मोजायला लावली. मग मुलीला दोन प्रश्न विचारता येतात: कौशिकाने खोटे बोलले असते तर कोणाचा जीव वाचला असता, आणि तू खोटे बोललीस तेव्हा कोण वाचले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिला स्वतःला द्यावे लागते आणि ते तुम्ही उच्चारण्याची गरज पडत नाही. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्य, अहिंसा यांच्या अशा पेचांची चर्चा केली आहे, आणि ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे दहावे प्रकरण तर तुमच्या प्रश्नावरच आहे. ती भाषा मुलांसाठी नाही, पण तुम्ही स्वतः ही दोन प्रकरणे वाचलीत तर पुढच्या प्रश्नांना तोंड देणे सोपे जाईल.

कर्मसिद्धान्ताबद्दल मात्र मी आग्रही आहे, आणि इथे माझ्याशी असहमत असणारे पुष्कळ भेटतात. मुलांना कर्म शिकवावे ते पुढच्या दिशेने: आता मी जे करतो आहे त्याने मी कसा होत जातो. बृहदारण्यक (४.४.५) हेच सांगते की माणूस जसा वागतो तसा होतो, चांगले करणारा चांगला होतो. हीच गोष्ट मागच्या दिशेने आणि दुसऱ्यावर वापरली की ती क्रूर होते. वर्गातल्या एखाद्या मुलाला चालता येत नाही, कोणाची आई लवकर गेली, आणि घरातले मोठे माणूस म्हणते, ‘मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल.’ मुले हे वाक्य उचलतात आणि शाळेत जाऊन तसेच म्हणतात. असे म्हणण्याचा अधिकार शास्त्रही कोणाला देत नाही. कर्माची गती गहन आहे, असे गीता म्हणते; कोणत्या दुःखामागे कोणते कर्म आहे हे आपल्याला दिसते, असा दावा करण्यास तिथे जागा नाही. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागात, आयुष्य आधीच ठरलेले असेल तर औषधांची गरजच काय, असा प्रश्न उपस्थित करून आयुष्य दैव आणि पुरुषप्रयत्न या दोहोंवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे. दुसऱ्याचे दुःख दिसले की त्याचे पूर्वकर्म शोधायचे नाही, आपले आताचे कर्म शोधायचे, असे मी मुलांना सांगतो. त्याच न्यायाने, मूल पडले की ‘बघ, ऐकलं नाहीस म्हणून देवाने शिक्षा केली’ हे वाक्यही घरातून जायला हवे. त्याने देव पहारेकरी होतो, आणि मूल पहारेकऱ्याची पाठ वळण्याची वाट पाहू लागते.

आतापर्यंतचे सांगणे थोडक्यात असे: निवडीचा क्षण मुलाला स्वतःत ओळखायला लावा, दैवाची भाषा प्रयत्नानंतर येऊ द्या, गोष्ट निर्णयापाशी थांबवा, आणि कर्म दुसऱ्यावर लावू देऊ नका. आणखी दोन गोष्टी मात्र सुटता कामा नयेत.

पहिली गोष्ट जातीची. तेरा वर्षांची मुलगी ‘स्वधर्म’ वाचील आणि एकलव्याबद्दल विचारील. त्या वेळी सारवासारव करू नका. धर्मग्रंथांत जन्मावर आधारलेली कर्तव्ये सांगितली आहेत आणि त्यांच्या नावाने माणसांवर अन्याय झाला आहे, हे तिला घरी कळले पाहिजे. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का झाले, हेही कळले पाहिजे. त्याच परंपरेत दुसरे आवाजही आहेत: बापाचे गोत्र माहीत नसल्याचे खरेपणाने सांगणाऱ्या सत्यकामाला गुरू स्वीकारतो, मांस विकणारा धर्मव्याध एका तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो, आणि अजगर झालेल्या नहुषाला युधिष्ठिर सांगतो की सत्य, दान, क्षमा ही लक्षणे जिथे दिसतील तो ब्राह्मण, मग तो जन्माने कोणीही असो. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), शुचिता आणि इंद्रियसंयम हा सर्वांना समान असलेला धर्म तर मनुस्मृतीतही वेगळा सांगितला आहे. मुलांना धर्म म्हणून शिकवण्यासारखे आज मला हे समान धर्मच वाटतात. जन्माने ठरणारी कर्तव्ये मी इतिहास म्हणून सांगतो. एकलव्याच्या बाबतीत तर द्रोणांची बाजू घेण्याचे मला आजवर कारण सापडलेले नाही.

दुसरी गोष्ट चूक झाल्यानंतरची. निवड आपली आहे असे शिकवले की चूकही आपली होते, आणि संवेदनशील मूल ‘मी वाईटच आहे’ या निष्कर्षावर येऊ शकते. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताचा इतका विचार केला आहे, याचा अर्थच असा की केलेले कृत्य म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. उघडपणे कबूल करणे आणि पश्चात्ताप होणे या दोन पायऱ्या मुलांना कळतात. झालेले नुकसान भरून देणे ही तिसरी मी जोडतो. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना ज्ञानदेवांनी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागितले. दुष्टांचा नाश त्यांनी मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे मागितले, आणि लगोलग ‘तयां सत्कर्मी रती वाढो’ असे म्हटले. पसायदान मुलांना पाठ असतेच. रागावून झाल्यावर संध्याकाळी ही ओळ मुलीबरोबर एकदा म्हणा आणि ती तिच्यासाठीही आहे, तुमच्यासाठीही आहे, असे सांगा.

शेवटी तुमच्या वागण्याविषयी. गीतेच्या १८व्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे तसे कर. हा श्लोक (१८.६३) पालकांना फार आवडतो, पण त्याच्या तीनच श्लोक आधी ‘तुला नको असले तरी तुझा स्वभाव तुला ते करायला लावील’ असेही तो म्हणून गेला आहे, आणि मोठी मुले हे हमखास पकडतात. तेव्हा दोन्ही श्लोक समोर ठेवा आणि भाष्यकारांचीही यावर वेगवेगळी मते आहेत, हे कबूल करा. मला स्वतःला क्रम महत्त्वाचा वाटतो: स्वभावाचा जोर किती आहे हे आधी सांगून मगच निर्णय हाती दिला आहे, म्हणून तो डोळसपणे घेता येतो. घरात मात्र ‘तुला हवे तसे कर’ हे वाक्य धमकीच्या सुरात उच्चारले जाते. खरी निवड द्यायची नसेल तर ‘हे करावेच लागेल’ असे सरळ सांगणे बरे. आणि निवड दिली असेल, तर मुलाने तुमच्या मनाविरुद्ध निवडल्यावर तोंड पाडू नये. दहा वर्षांच्या मुलाला रोज एखादी लहानशी गोष्ट, तिचा परिणाम त्याने स्वतः भोगायचा या अटीवर, खरोखर ठरवू द्या. तेरा वर्षांच्या मुलीला त्याहून मोठी द्या.

आणि ती विचारील की तुम्ही तरी नेहमी खरे बोलता का. याचे उत्तर तैत्तिरीय उपनिषदात गुरूने निरोप देताना शिष्याला दिले आहे: आमची जी चांगली वागणूक असेल तीच तू उचल, बाकीची नको. कसे वागावे असा संशय पडला तर विचारी, कोणाच्या दबावाखाली नसलेली, कठोर नसलेली आणि धर्माची चाड असलेली माणसे तशा वेळी कशी वागतात ते पाहा, असेही तिथे पुढे म्हटले आहे. मूळ वाक्यात ‘ब्राह्मण’ असा शब्द आहे. मी मुलांना त्यापुढचे गुण मोजायला सांगतो आणि मग त्यांच्या ओळखीतली अशी तीन माणसे सुचवायला सांगतो. तुमच्या मुलीलाही तशी यादी करू द्या. त्या यादीत आजी असण्याची शक्यता बरीच आहे. पण तुमचे नाव त्यात आले नाही, तर ‘का नाही’ असे तिला लगेच विचारू नका.